न वाचलेला निकाल

कोर्टात त्यांना सगळे स्टेनोबाई म्हणत. हजेरीपटावर नाव होतं, पण त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ते कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. मी त्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा बाई चोपन्नच्या होत्या. केस अर्धे पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि चालणं असं की मागून हाक मारायची तर धावावंच लागे.

बाईंची बोटं कधी स्वस्थ नसत. समोरचा माणूस बोलू लागला की उजव्या हाताची तर्जनी आपोआप हलायची आणि टेबलाच्या कडेवर, गुडघ्यावर, बसच्या दांडीवर लघुलिपीच्या खुणा काढायची. घरी भावजय वैतागायची. "वन्सं, निदान जेवताना तरी माझं बोलणं उतरवून घेऊ नका हो. उद्या पुरावा म्हणून काढाल."

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाईंनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि त्या असे तिघं राहत. भाऊ शहराच्या परिषदेत कारकून होता, तोही मतदारयादी विभागात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा ताप इथूनच झाला.

त्या वर्षी परिषदेनं आपल्या निवडणुकीसाठी एक नवा नियम केला. जो माणूस सलग पाच वर्षं एकाच दारक्रमांकावर राहिला नसेल, त्याला परिषदेसाठी मत देता येणार नाही. एकतीस विरुद्ध नऊ मतांनी नियम पास झाला. वाचायला साधा वाटतो. पण शहराच्या कडेला दगडाची खाण होती. खाण पुढे सरकली की कामगारांच्या पत्र्याच्या खोल्याही उचलून पुढे न्याव्या लागत, आणि दर खेपेला क्रमांक बदले. तीस-तीस वर्षं तिथं राहिलेली माणसं कागदावर दीड वर्षांची पाहुणी ठरली. दोन हजार तीनशे नावं यादीतून गेली. ती बाईंच्या भावानंच काढली होती. एकेका नावाखाली पट्टी धरून, लाल शाईनं.

खाणीवरच्या एका पाथरवटानं परिषदेविरुद्ध अर्ज केला. साठीचा माणूस, अंगानं काटक, सतत खोकणारा. प्रत्येक तारखेला यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. कितीही अंघोळ केली तरी त्याच्या कानाच्या वळ्यांत पांढरी भुकटी राहायची.

खटला तेव्हाच्या न्यायाधीशांपुढे, आमच्या जुन्या साहेबांपुढे चालला. निवृत्तीला त्यांना आठ महिने उरले होते. परिषदेच्या वकिलांनी एकच मुद्दा दोन दिवस घोळवला. "या परिषदेत चाळीस माणसं आहेत. प्रत्येकाला हजारो लोकांनी निवडून दिलंय. त्यांनी बहुमतानं केलेला नियम एका खोलीत बसलेला एक माणूस पुसणार? आणि त्या माणसाला, कोर्टाची माफी मागून विचारतो, कुणी निवडलंय?"

साहेबांनी निकाल राखून ठेवला, आणि चेंबरमध्ये डिक्टेशन सुरू झालं.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "साहेब, माझा भाऊ यादी विभागात आहे. दुसरी स्टेनो घेता का?"

"माहीत आहे मला. इथलं काही घरी बोलता?"

"नाही."

"मग बसा."

साहेबांना बसून सांगता येत नसे. बूट काढून ते मोज्यांवर फिरत. खिडकीपासून कपाटापर्यंत सात पावलं, तिथून परत सात. हकिकत, कायदा, दोन्हीकडचे मुद्दे, सगळं चार दिवसांत झालं. मग गाडी एका परिच्छेदावर अडली. हा नियम रद्द करायचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो मुळात येतो कुठून, एवढंच लिहायचं होतं. त्याला अडीच आठवडे लागले.

पहिल्यांदा ते म्हणाले, "घटनेनं न्यायालयाला हा अधिकार दिला आहे." चार पावलं गेले आणि थांबले. "खोडा. ते मलाही ठाऊक आहे आणि परिषदेच्या वकिलांनाही. का दिला, हे विचारताहेत ते."

दुसऱ्या दिवशी, "माणसांनी केलेल्या कायद्याच्या आधीपासून न्याय अस्तित्वात आहे आणि न्यायाधीश फक्त तो ओळखतो." बाईंनी पूर्णविराम दिला नाही तोच, "खोडा. मग प्रत्येक न्यायाधीश आपल्या पोटातला न्याय बाहेर काढून बसेल. मी कोण असा लागून गेलोय?"

मग एकदा, "ज्यानं नियम केला त्यानंच तो योग्य की अयोग्य हे ठरवू नये." हे वाक्य त्यांना आवडलं. ते राहिलं. पण दुपारी पुन्हा बोलावलं. "बाई, परिषदेनं स्वतःचा निवाडा करू नये हे खरं. पण मग माझा निवाडा कोण करणार? मी चुकलो तर मला पाडायला पाच वर्षांनी मतपेटीसुद्धा येत नाही."

बाईंची वही भरत चालली, पण परिच्छेद पुढे सरकेना. साहेबांची घालमेल त्यांनाही लागली. भाजी घेताना, जिना चढताना डोक्यात तोच किडा वळवळायचा. भाजीवालीनं सुटे मागितले तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "अधिकार कुठून आला?" ती म्हणाली, "कसला अधिकार? सुटे आहेत का ते सांगा."

अकरावा मसुदा खोडल्यावर साहेब खिडकीशी उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. आधी त्यांनी तोही वहीत उतरवला. मग त्यांच्या लक्षात आलं.

"मला कायद्यातलं काय कळतं, साहेब."

"कायद्यातलं नाही विचारलं."

बाई म्हणाल्या, "सहावीत आमच्या वर्गात रोज मतदान व्हायचं. आज फळा कोण पुसणार यावर. रोज माझंच नाव यायचं. हात वर करून, अगदी रीतसर. चाळीस मुली आणि मी एकटी. मी वर्गबाईंकडे गेले. त्यांना काही आम्ही निवडलं नव्हतं. म्हणून तर गेले. निवडून आलेल्या असत्या तर त्या चाळीसजणींच्याच झाल्या असत्या ना."

साहेब वळले. "मग? काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, मतदान झालंय ना? मग पूस. वर्षभर पुसला."

साहेब हसले नाहीत. बूट न घालता तसेच खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच बसून सांगू लागले. बहुमताला चुकायचा हक्क आहे, कारण आज हरलेला माणूस उद्या जिंकू शकतो. पण जो नियम हरलेल्याचं मतच काढून घेतो, तो त्याचा उद्याही काढून घेतो. अशा माणसाला परिषदेत दाद मिळणार नाही, कारण परिषदेला त्याची गरज उरलेली नाही. जिथं माणसाला तुझ्यामागे किती जण आहेत असं विचारत नाहीत, अशी एक तरी जागा राज्यात असावी लागते. न्यायालयाचा अधिकार त्या जागेपुरता आहे, आणि तिथंही न्यायाधीशानं आपली कारणं सर्वांदेखत सांगितली तरच.

"वाचा परत," ते म्हणाले. बाईंनी वाचलं. या वेळी "खोडा" आलं नाही.

गुरुवारी दुपारी चाळीस पानांचा निकाल टाईप होऊन तयार झाला. नियम रद्द, नावं परत यादीत, आणि तेही याच निवडणुकीला. साहेबांनी पानापानावर सही केली. लिफाफा बंद करून लाखेची मोहर लावली. शुक्रवारी साडेदहाला निकाल वाचायचा होता.

शुक्रवारी मी कोर्टात होतो. बाकं भरलेली होती. पाथरवट धुतलेला सदरा घालून शेवटच्या बाकावर बसला होता. पावणेअकरा झाले, अकरा झाले. मग बेंच क्लार्क आतून आला, मान खाली घालून म्हणाला, "साहेब आज येणार नाहीत." थोडं थांबून त्यानं स्वतःच ते दुरुस्त केलं. "साहेब गेले. सकाळी चहा घेताना."

सगळे उभे राहिले. पुन्हा कधी बसायचं हे सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो.

बाई चेंबरमध्ये गेल्या. कपाटात लिफाफा होता. टेबलाखाली चपला होत्या, साहेब दुपारी घालत त्या. रडू यायच्या आधी बाईंच्या मनात आलं की निवडणूक चार महिन्यांवर आहे.

तिसऱ्या दिवशी त्या रजिस्ट्रारसमोर उभ्या राहिल्या. "सही आहे. तारीख आहे. चाळीस पानं कारणं आहेत. दुसऱ्या साहेबांनी नुसतं वाचून दाखवायचं. काय कमी आहे त्यात?"

रजिस्ट्रार चांगला माणूस होता. त्यानं त्यांना खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"आवाज कमी आहे, बाई," तो म्हणाला. "उघड्या कोर्टात म्हणून दाखवेपर्यंत तो निकाल नाही. तोवर ते एका माणसाचं मत. कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता त्यांनी मत बदललं असतं तर? तो हक्क त्यांना होता. आता आपण त्यांना विचारू शकतो का?"

"ते बदलणारे नव्हते."

"तुम्हाला माहीत आहे. मलाही वाटतं. पण तुमच्या-माझ्या माहितीवर निकाल द्यायला लागलो तर पूर्वी राजवाड्यात बंद दाराआड जे चालायचं तेच झालं. लिफाफा मी ठेवून घेतो. वहीही द्या."

बाईंनी वही दिली. जिना उतरताना त्यांना वाटलं, साहेबांना हे पटलं असतं. त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

खाली पाथरवट थांबला होता. त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं होतं की सगळं पहिल्यापासून होणार. तो जवळ आला नाही, चार हात लांबूनच बोलला.

"बाई, निकाल काय होता ते विचारत नाही. तुम्हाला सांगता यायचं नाही. एवढंच सांगा, साहेबांनी आमचं ऐकलं होतं का?"

हे सांगणं गुपित फोडण्यात येतं की नाही, ते बाईंना कळेना. तरी त्या म्हणाल्या, "ऐकलं होतं. फार ऐकलं होतं."

त्यानं मान हलवली आणि खोकत निघून गेला. "फार" म्हणायला नको होतं, या विचारानं बाईंना पुढचे आठ दिवस अन्न गोड लागलं नाही.

घरी निराळंच चाललं होतं. भावाच्या साहेबानं त्याच्या मागे लकडा लावला होता. यादी छापायला द्यायची, तर जुनी द्यायची की नवी? जुन्या साहेबांनी काय लिहिलं होतं ते कळलं तर पुढचा अंदाज येईल. तुझी बहीणच स्टेनो आहे ना, काढ की माहिती.

"ताई, नुसती मान हलव," भाऊ म्हणाला. "हो किंवा नाही. बोलूसुद्धा नकोस."

"मान हलवणं म्हणजे बोलणंच."

"मी काय चोरी करायला सांगतोय? दोन दोन याद्या तयार ठेवायच्या म्हणजे काम दुप्पट होतं."

"तेवीसशे नावं काढताना दुप्पट झालं नाही काम?"

भावाचा चेहरा उतरला. भावजयीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मी नोकर आहे," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "वरून कागद येतो, मी रेघ मारतो. तूही तेच करतेस. साहेब सांगतात, तू लिहितेस. माझ्याकडे असं बघू नकोस."

बाई उठल्या, चपला घातल्या आणि संध्याकाळच्या गर्दीत उगाचच चार बसथांबे चालून आल्या. पण मान त्यांनी हलवली नाही. पुढचे सात आठवडे बहीण-भाऊ मीठ द्या, दार लावा एवढंच बोलत होते.

साहेबांच्या जागी आलेल्या नव्या न्यायाधीश मॅडम पन्नाशीच्या आतल्या होत्या. भराभरा बोलायच्या. खटला पुन्हा पहिल्यापासून चालला. परिषदेच्या वकिलांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला, तुम्हाला कुणी निवडलं? मॅडम चटकन म्हणाल्या, "कुणीच नाही. पुढे चला." कोर्टात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. जुन्या साहेबांनी ज्या प्रश्नापायी सात सात पावलं तुडवली, तो असा माशी हाकलावी तसा हाकलला, हे त्यांना सोसलं नाही.

वाद संपला तसा मॅडमनी निकाल राखून ठेवला नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, सांगायला सुरुवात केली. बाईंची पेन्सिल धावू लागली. अधिकाराचा तो प्रश्न मॅडमनी तीन वाक्यांत संपवला. ज्या घटनेनं परिषद जन्माला घातली तिनंच ही खुर्चीही. दोघींना मर्यादा आहेत. आणि कुणी दाद मागितली तर उत्तर न देण्याची मुभा या खुर्चीला नाही. परिषद हवं तर गप्प बसू शकते, न्यायालय नाही.

लिहिता लिहिता बाईंना वाटलं, हेही खरंच आहे की. मग वाटलं, पण साहेबांचं जास्त खरं होतं. मग साहेबांचं नक्की काय होतं ते आठवू गेल्या तर तिसरा आणि बारावा मसुदा एकमेकांत मिसळले. तेवढ्यात मॅडम पुढे गेल्या होत्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बाईंचं एक वाक्य सुटलं.

त्या उभ्या राहिल्या. "मॅडम, माफ करा. एक वाक्य राहिलं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "नियम रद्द. परंतु यंदाची यादी कायद्यानं ठरलेल्या मुदतीत अंतिम झालेली असल्यानं हा निकाल पुढील निवडणुकीपासून लागू होईल." दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनाही ते जड गेलं, असं मला वाटलं. बाईंनी लिहून घेतलं.

मुदत दहा दिवसांपूर्वीच संपली होती.

बाहेर पाथरवटानं वकिलाला विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो?"

"जिंकलो."

"आणि मत?"

"पुढच्या निवडणुकीला. पाच वर्षांनी."

"अस्सं," तो म्हणाला. "म्हणजे जेवायचं आमंत्रण आजच दिलंय, पान मात्र पाच वर्षांनी मांडणार." आणि तो इतका हसला की ठसका लागला. वकिलाला पाणी आणायला धावावं लागलं.

बाई वर्षभर आणखी टिकल्या आणि मुदतीआधीच निवृत्त झाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, पाठ दुखते. पण घरात बसतील तर त्या बाई कसल्या. दर रविवारी त्या खाणीवर जाऊ लागल्या. तिथं नावनोंदणीचे अर्ज भरून द्यायच्या. परिषदेनं मधल्या काळात नियम बदलून पाचाऐवजी दोन वर्षं केली होती, आणि खोल्या तर दीड वर्षांनी हलत. पुन्हा कोर्टात जायचं तर पुन्हा किती वर्षं, कुणाला ठाऊक.

एके रविवारी भाऊ न सांगता सोबत निघाला. वाटेत दोघं काही बोलले नाहीत. खाणीवर पोचल्यावर त्यानं परिषदेचा नियम खिशातून काढला आणि म्हणाला, "यात दारक्रमांक असं लिहिलंय. जागा असं कुठंच लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग दार हलू दे की. क्रमांक नको हलायला."

पाथरवटाला हे लगेच कळलं. त्यानं प्रत्येक खोलीचा क्रमांक टीचभर दगडात कोरला आणि उंबऱ्याशी बसवला. खोली पुढे गेली की दगडही पुढे जायचा. तपासणीचा अधिकारी आला तेव्हा फार चिडला. हे घर तर मागच्या वर्षी तिकडे होतं! भावानं नोंदवही पुढे केली. "साहेब, नोंदीत दार एकशे चार. समोर दार एकशे चार. घर कुठं असावं याचा रकाना आपल्या तक्त्यातच नाही." अधिकाऱ्यानं तीनदा तक्ता उलटसुलट पाहिला आणि सही केली. भावाची पुढची बढती त्या वर्षी झाली नाही. पण घरी बहीण-भाऊ पुन्हा बोलू लागले, बहुतेक भांडायलाच.

पाच वर्षांनी निवडणूक झाली. बाई सकाळी सातपासून शाळेबाहेर उभ्या होत्या. शाळेतच मतदान होतं. खाणीवरची रांग फाटकाबाहेर गेली होती. पाथरवट आता फारच वाळला होता, पण आला होता. आत जाऊन तो वीस मिनिटांनी बाहेर पडला, बोटावरची शाई फुंकत.

बाईंना राहवलं नाही. "कुणाला दिलंत, असं विचारू नये. पण..."

त्यानं नाव सांगितलं. ज्या नगरसेवकानं पाच वर्षांचा तो नियम मांडला होता, त्याचंच.

"त्याला?" बाईंचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "अहो, तुमचं नाव काढणारा माणूस तो! त्याला दिलंत?"

"तीनदा आला होता यंदा खाणीवर. नळ देतो म्हणालाय. पूर्वी कधी फिरकला नव्हता." तो शांतपणे म्हणाला. "बाई, मत माझं आहे ना?"

"हो, पण..."

"मग?"

बाई तरातरा निघाल्या आणि घरी येऊन भावजयीवर विनाकारण ओरडल्या. दोन दिवस धुमसत होत्या. मला रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढं सगळं कशासाठी केलं, सांगा मला." मी काही सांगायच्या आतच पुढे निघून गेल्या, कारण पुढच्या चौकातून खाणीकडची बस सुटायची वेळ झाली होती, आणि दोन बायकांचे अर्ज अजून अर्धवट राहिले होते.

नळ आला. पाणी एक दिवसाआड येतं.